मुदतवाढ : एका सवलतीची दीडशे वर्षे

सरकारी फायलींमध्ये सर्वांत अधिक वेळा लिहिले जाणारे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘न्यायालयाकडे मुदतवाढ मागण्यात यावी.’ माझ्या सेवाकाळात मी स्वतः हे वाक्य किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. पाचशे रुपयांची खुर्ची खरेदी करावयाची तरी वित्त शाखेची संमती लागते, लेखाशीर्ष नमूद करावे लागते. मुदतवाढीला यांपैकी काहीच लागत नाही. ती जणू हवेसारखी फुकट आहे, असे गृहीत धरूनच आम्ही ती मागत आलो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. फुकट दिसणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी दुसरा भरत असतो, हा त्या शास्त्राचा पहिला धडा. तो या वाक्याला लावून पाहण्यास मला फार वर्षे लागली. प्रस्तुत लेख हा त्या उशिराच्या विचाराचा परिपाक आहे.

दिवाणी दाव्यामागे कायद्याची तीन घड्याळे चालत असतात. पहिले दावा दाखल करण्याच्या मुदतीचे. दुसरे, दाखल झालेल्या दाव्याचे समन्स प्रतिवादीच्या हाती पोहोचविण्याचे. तिसरे, समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने कैफियत देण्याचे. पहिल्या घड्याळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरे आणि तिसरे मात्र वकील आणि नाझर यांच्यापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. आणि दाव्याचे आयुष्य पुष्कळदा तेथेच सरते.

ब्रिटिश हिंदुस्थानात दिवाणी न्यायालयांसाठी पहिली एकत्रित संहिता १८५९ साली झाली. पुढे १८७७ आणि १८८२ मध्ये नव्या संहिता आल्या, आणि १९०८ चा पाचवा अधिनियम १ जानेवारी १९०९ पासून अमलात आला. तीच संहिता, अनेक ठिगळांसह, आजही चालू आहे. १९०८ च्या रचनाकारांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. मूलभूत तत्त्वे त्यांनी कलमांत ठेवली, आणि दैनंदिन कार्यपद्धती आदेश व नियमांच्या अनुसूचीत टाकली. हे नियम आपापल्या प्रांताच्या परिस्थितीप्रमाणे बदलण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला. हिमालयाच्या पायथ्याशी समन्स पोहोचण्यास लागणारा वेळ आणि मुंबईच्या गिरगावात लागणारा वेळ एक नसतो, एवढे त्यांना कळत होते.

संहितेचा पाचवा आदेश समन्सच्या बजावणीचा. तो वाचताना त्या काळचा समाज डोळ्यांसमोर उभा राहतो. बेलिफाने प्रतिवादीस प्रत्यक्ष गाठावे. तो न सापडल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ पुरुषाकडे समन्स द्यावे. घरातील नोकर हा कुटुंबाचा सदस्य मानू नये. कोणी घेण्यास नकार दिला, तर घराच्या दर्शनी दारावर प्रत डकवावी आणि कोणाच्या समक्ष डकविली ते लिहून न्यायालयास अहवाल द्यावा. घरात प्रौढ स्त्री असली तरी तिच्या हाती समन्स देता येत नसे. ही अट दूर होऊन ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. इतकी वर्षे कित्येक समन्से केवळ घरातील पुरुष बाहेर गेला होता म्हणून परत गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

समन्स बजावणीविना परत आले, तर काय? याचे उत्तर नवव्या आदेशाच्या पाचव्या नियमात आहे. माझ्या मते, मुदतवाढीचा सारा इतिहास त्या एका नियमात साठवलेला आहे. परतीचा अहवाल आल्यानंतर ठराविक काळात वादीने नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर त्या प्रतिवादीपुरता दावा काढून टाकला जातो. हा काळ १९२० च्या दुरुस्तीनुसार तीन महिने होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो एक महिना झाला. १९९९ च्या दुरुस्तीने, जी १ जुलै २००२ पासून अमलात आली, तो सात दिवसांवर आला. वादीला नवा दावा लावण्याची मोकळीक आहे, परंतु मुदतीच्या कायद्याच्या अधीन राहून. म्हणजे मधल्या काळात पहिले घड्याळ थांबले असेल, तर हक्कच संपतो.

या नियमात मुदत वाढवून मिळण्याची तीन कारणे दिलेली आहेत : वादीने पराकाष्ठा करूनही प्रतिवादीचा ठावठिकाणा लागला नाही, प्रतिवादी समन्स चुकवीत आहे, किंवा अन्य पुरेसे कारण आहे. आकडा तीन महिन्यांवरून सात दिवसांवर घसरत गेला, पण ही तीन कारणे जागची हलली नाहीत. प्रत्येक पिढीच्या सुधारकांनी आकड्यावर करवत चालविली. ‘उशीर कोणाच्या हातून झाला?’ हा जो मूळ प्रश्न त्या तीन कारणांत आहे, त्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले.

ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली, तेथे गोष्ट याहून कठोर वळणावर गेली. १९९९ मध्ये अमलात आलेल्या तेथील नव्या दिवाणी नियमांनुसार देशांतर्गत दाव्याचे पत्र प्रतिवादीकडे पोहोचविण्यास चार महिने मिळतात, आणि देशाबाहेरच्या प्रतिवादीसाठी सहा. वाढ हवी असल्यास ती सामान्यतः याच मुदतीत मागावी लागते. मुदत उलटून गेल्यावर मागणाऱ्यास मात्र दोनच वाटा. एक, बजावणी करण्यात न्यायालयच चुकले असले पाहिजे. किंवा दोन, वादीने सर्व वाजवी उपाय करूनही त्यास यश आले नसले पाहिजे. शिवाय त्याने अर्ज तत्परतेने केलेला असावा लागतो. २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. वकिलाविना स्वतः लढणाऱ्या एका वादीने मुदतीच्या शेवटच्या टप्प्यात दाव्याचे पत्र प्रतिपक्षाच्या वकिलांना ई-मेलने पाठविले होते. ते त्यांना मिळाले होते, त्यांनी ते वाचलेही होते. पण ई-मेलने बजावणी स्वीकारण्याची संमती त्यांनी आधी दिलेली नव्हती. तीन विरुद्ध दोन मतांनी ती बजावणी अवैध ठरली. पाच न्यायाधीशांत एका मताचा फरक, आणि एका माणसाचा दावा संपला. नियम सर्वांना सारखा, हे बहुमताचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण पत्र पोहोचले होते, हेही खरेच होते.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. समन्सची बजावणी हे मुख्यतः न्यायालयाच्या यंत्रणेचे काम. वादीने पत्ता द्यावा, खर्च भरावा, प्रती द्याव्यात. पुढचे बेलिफाने करावे. म्हणजे घड्याळ वादीच्या मनगटावर, आणि काटे फिरविणारा हात दुसऱ्याचा. या विसंगतीचा प्रत्यय मला एका प्रकरणात आला. ते मी येथे थोडक्यात सांगतो, कारण त्यात दोष आमचा होता.

२००३ साली मी पूर्व भारतातील एका शहरात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होतो. एका छोट्या कंत्राटदाराने आमच्या कर्मचारी निवासाची छपरे दुरुस्त केली होती. त्याचे अडुसष्ट हजारांचे देयक थकले होते. दोन महिन्यांची कायदेशीर नोटीस देऊन, ती मुदत पुरी होऊ देऊन, त्याने दावा लावला. समन्स आमच्या जुन्या इमारतीच्या पत्त्यावर गेले. आम्ही वर्षभरापूर्वी नव्या इमारतीत आलो होतो, पण कंत्राटदाराशी झालेल्या करारावर पत्ता जुनाच होता, आणि बदलाची सूचना त्याला कोणी दिली नव्हती. ‘कार्यालय येथे नाही’ या शेऱ्यासह समन्स परत गेले. त्याच्यापुढे सात दिवस होते. पाचव्या दिवशी त्याने नवा पत्ता शोधून अर्ज केला.

समन्स आमच्याकडे आले आणि घड्याळ आमचे सुरू झाले. कैफियतीस तीस दिवस, फार तर नव्वद. आमची फाईल शाखेतून विभागीय कार्यालयात, तेथून मुख्यालयात, तेथून विधी शाखेत, आणि त्याच वाटेने परत अशी फिरली. मी तीन वेळा ‘मुदतवाढ मागण्यात यावी’ असे लिहिले. कैफियत दाखल झाली ती सात महिन्यांनी. पाच दिवस आणि सात महिने, हे दोन आकडे मी पुढे कधी विसरलो नाही.

सरकारला वेळ लागतो, हे कायद्यानेही फार पूर्वी मान्य केले आहे. संहितेचा सत्ताविसावा आदेश सांगतो की, सरकारने उत्तर देण्याचा दिवस ठरविताना ‘योग्य मार्गाने’ पत्रव्यवहार होण्यास वाजवी वेळ द्यावा. आम्हा नोकरशहांच्या आवडीचा हा शब्दप्रयोग थेट कायद्यातच आहे! न्यायालयास हा वेळ वाढविता येई. १९७६ मध्ये या वाढीवर एकूण दोन महिन्यांची कमाल मर्यादा आली. याउलट नागरिकाने सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी कलम ८० नुसार दोन महिने थांबलेच पाहिजे. १९२१ मध्ये मालेगावात झालेल्या दंगलीनंतर तेथील रहिवाशांवर नुकसानभरपाईची वसुली बसविण्यात आली. ती रोखण्यासाठी काहींनी नोटिशीचे दोन महिने पुरे होण्याआधीच न्यायालय गाठले. १९२७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की, कलम ८० स्पष्ट आणि बंधनकारक आहे, त्यास अपवाद नाही. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची सोय पुढे १९७६ मध्ये आली. म्हणजे जवळजवळ अर्धशतक नागरिकाचे दोन महिने लोखंडाचे आणि सरकारचे रबराचे, अशी स्थिती होती.

आता १९९९ च्या दुरुस्तीकडे येऊ. न्यायालयीन विलंबाने सारेच त्रासले होते. कैफियत तीस दिवसांत, कलम १४८ खालील वाढ एकूण तीस दिवसांपलीकडे नाही, समन्सची बजावणी दावा दाखल झाल्यापासून तीस दिवसांपलीकडे नाही, अशी कडक कलमे करण्यात आली. वकिलांनी तीव्र विरोध केला आणि कायदा अमलात येण्याचे लांबले. २००२ मध्ये पुन्हा दुरुस्ती होऊन कैफियतीची कमाल मर्यादा नव्वद दिवस झाली, आणि दोन्ही दुरुस्त्या १ जुलै २००२ रोजी एकत्र लागू झाल्या. कुरिअर, फॅक्स, ई-मेल या मार्गांनी बजावणीची तरतूदही याच वेळी आली.

सेलम येथील वकील संघटनेने या दुरुस्त्यांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ऑक्टोबर २००२ मधील त्या निकालात कलम २७ संबंधी, म्हणजे समन्सच्या तीस दिवसांविषयी, जो खुलासा आहे तो मला प्रशासकीय न्यायाचा उत्तम नमुना वाटतो. न्यायालय म्हणाले की, वादीने तीस दिवसांत अचूक पत्ते आणि समन्सचा खर्च दाखल करावा. त्याच्या हातात जे होते ते त्याने केले असेल, तर पुढे न्यायालयाच्याच कार्यालयाकडून उशीर झाला तरी कलमाचे पालन झाले असेच समजावे. दोन ओळींचे तत्त्व, पण त्यात आकडाही अबाधित राहिला आणि माणूसही. मुदत ज्याच्या हाती आहे त्यानेच ती पाळावयाची, दुसऱ्याच्या हातून निसटलेल्या वेळाचा दंड त्याला नाही.

कैफियतीच्या नव्वद दिवसांचा प्रश्न एप्रिल २००५ मध्ये ‘कैलाश विरुद्ध नन्हकू’ या प्रकरणात सुटला. कार्यपद्धती ही न्यायाची दासी आहे. नव्वद दिवसांची मर्यादा निर्देशक आहे, अनिवार्य नाही. पण वाढ हा अपवाद असावा, कारणे लेखी नोंदवावीत आणि गरज भासल्यास खर्च लादावा, असे न्यायालयाने ठरविले. ऑगस्ट २००५ मधील सेलमच्या दुसऱ्या निकालानेही हीच दिशा पक्की केली. कलम १४८ मधील तीस दिवसांची मर्यादाही, पक्षाच्या आवाक्याबाहेरचे कारण असेल तर, आड येऊ नये असे त्यात सांगितले.

हा निकाल मी आमच्या कार्यालयात समाधानाने वाचला होता, हे कबूल केले पाहिजे. आमच्या सात महिन्यांनी उशिरा गेलेल्या कैफियतीवर कंत्राटदाराच्या वकिलाने हरकत घेतली होती. ‘कैलाश’च्या आधाराने ती हरकत फेटाळली गेली आणि आमची कैफियत अभिलेखावर आली. निकालाने सांगितलेला अपवाद आम्हाला मिळाला. त्याने सांगितलेली कारणे मात्र आमच्या अर्जात ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांपलीकडे नव्हती. कनवाळूपणा हा दुर्बलासाठी निर्माण झालेला असतो, पण त्याची रांग लागते तेव्हा पुढे सहसा सबळच उभा असतो.

दावा २००९ साली वादीच्या बाजूने निकाली निघाला. व्याजासह रकमेचा धनादेश घेण्यासाठी कंत्राटदार आला नाही, त्याचा मुलगा आला. वडील आदल्या वर्षी वारले होते. त्याने पावतीवर सही केली आणि अत्यंत शांतपणे विचारले, ‘‘साहेब, काम झाले नाही असे तुमच्यापैकी कोणी कधी म्हटले नव्हते. मग एवढी वर्षे कशासाठी?’’ तो गेल्यावर मी फाईल पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. तो म्हणत होता ते खरे होते. देयकाला कोणाचाच आक्षेप नव्हता. मंजुरीचा अधिकार कोणाचा, एवढाच वाद होता, आणि तोही आमचा आमच्याशी.

त्यानंतरच्या काळात लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाकडे गेला. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने मोठ्या व्यापारी तंट्यांत कैफियतीची अखेरची मर्यादा एकशेवीस दिवस ठरविली. त्यानंतर हक्कच जातो. २०१८ मध्ये या न्यायालयांची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आणल्याने पुष्कळ छोटे व्यापारीही या कडक नियमाखाली आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. ४ मार्च २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ग्राहक कायद्याबाबतही निर्णय दिला की, उत्तरासाठीचे तीस दिवस आणि वाढीव पंधरा, यापलीकडे एक दिवसही देण्याचा अधिकार मंचाला नाही.

इतिहास कधी कधी उपरोधाने वागतो. या निर्णयास तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २३ मार्च २०२० रोजी त्याच न्यायालयाने करोनाच्या साथीमुळे देशभरातील मुदती स्वतःहून वाढविल्या. जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळण्यात आला. दीडशे वर्षांत दिली गेलेली बहुधा सर्वांत मोठी मुदतवाढ ती हीच. त्या वेळी कोणी आकड्यावर वाद घातला नाही, कारण उशीर कोणाच्या हातून झाला या प्रश्नाचे उत्तर सर्वांना दिसत होते.

सरकारच्या स्वतःच्या विलंबाबाबत न्यायालयांचा सूरही बदलत गेला आहे. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात राज्याच्या अपिलास चार दिवसांचा उशीर झाला होता. तो माफ करताना सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टी ठेवण्यास सांगितले. तो निकाल पुढे आमच्यासारख्यांनी शेकडो दिवसांच्या उशिरासाठी पाठ म्हणून वापरला. २०१२ मध्ये टपाल खात्याने ४२७ दिवस उशिरा केलेल्या अपिलावर मात्र न्यायालयाने बजावले की, मुदतीचा कायदा सरकारसह सर्वांना बांधतो. फाईल फिरत होती ही सबब आधुनिक साधनांच्या युगात चालणार नाही. मी त्या दिवशी आमच्या शाखेतील सहकाऱ्यांना तो निकाल वाचून दाखविला. काहींच्या चेहऱ्यावर नाराजी होती. मला सुटल्यासारखे वाटले.

मग उपाय कोणता? मला आकडा आणखी कमी करण्यात फारसा अर्थ दिसत नाही. अर्थशास्त्र सांगते की, ज्या वस्तूची किंमत शून्य, तिची मागणी थांबत नाही. १९७६ मध्येच कलम ३५-ब घालून विलंब करणाऱ्यावर खर्च लादण्याची सोय झाली आहे. परंतु सरकारवर लादलेला खर्च राजकोशातून जातो. टिप्पणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यास तो जाणवत नाही, आणि अखेरीस तो भरणाऱ्या करदात्यांत तो कंत्राटदारही असतोच. म्हणून किंमत लावावयाची तर ती फाईलमध्येच लावली पाहिजे. आता मी माझ्या शाखेत एक साधा नियम ठेवला आहे : मुदतवाढीच्या प्रत्येक टिप्पणीत समन्स कोणत्या तारखेस आले, त्यानंतर फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, आणि मूळ मागणी आपल्याला मान्य आहे की अमान्य, या तीन गोष्टी लिहावयाच्या. बरेचदा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मुदतवाढीची गरजच उरत नाही. पैसे देऊन टाकावेत, असा प्रस्ताव निघतो.

आज बेलिफाच्या हाती जीपीएस असलेला फोन आला आहे, समन्सची प्रगती संगणकावर दिसते. याचे मी स्वागत करतो. पण समन्स दारापर्यंत कधी पोहोचले हे यंत्र सांगेल. दार उघडल्यावर आत ते किती महिने पडून राहिले, याची नोंद आपल्यालाच करावी लागेल. ती नोंद करताना त्या मुलाचा प्रश्न मला अजूनही आठवतो. त्याला देण्यासारखे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते, आणि आजही नाही. तसा प्रश्न पुन्हा कोणास विचारावा लागू नये, एवढेच आपल्या हाती आहे.